जुन्या गाडीचे ओरिजिनल पार्ट शोधण्याचा धंदा : तीन लाखांचा लॉट घ्यायचा की नाही?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका वेगळ्याच धंद्याबद्दल बोललो. व्हिडिओत सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात एका फोनपासून करतो. माझ्या बॅचमधला एक मुलगा, राहणारा कुर्ल्याचा. वडील आयुष्यभर काळी-पिवळी चालवायचे, तीही प्रीमियर पद्मिनी. लहानपणापासून हा मुलगा वडिलांबरोबर गॅरेजमध्ये बसलेला, त्यामुळे गाडीचा स्क्रू न् स्क्रू त्याला माहीत. वर्षभरापासून तो जुन्या फियाटचे पार्ट शोधून हौशी मालकांना विकत होता. एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"सर, एक जुनं स्पेअर पार्टचं दुकान बंद होतंय. शेठ म्हणतात, पोटमाळ्यावरचा सगळा फियाटचा माल उचल, तीन लाख दे. माझ्याकडे एक लाख वीस हजार आहेत. आईच्या बांगड्या ठेवून आणखी मिळतील. घेऊ का?"

तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? आत्ताच उत्तर देऊ नका. आधी हा धंदा नीट समजून घेऊ, मग त्याच्या पोटमाळ्यावर परत येऊ.

तुम्ही नक्की काय विकताय?

बहुतेक जण म्हणतील, "पार्ट विकतोय." इथेच पहिली चूक होते. ज्याच्या घरी पन्नास वर्षांची फियाट आहे, त्याला टेललॅम्पची काच कुठेही मिळेल. लोकल माल भरपूर आहे. त्याला ती काच हवी असते जी त्याच्याच सालच्या, त्याच्याच मॉडेलच्या गाडीला कंपनीतून लागून आली होती. ती ओळखणं त्याला जमत नाही, आणि शोधायला त्याच्याकडे वेळ नाही.

म्हणजे तुम्ही विकता ती खात्री. "हा पार्ट तुमच्याच गाडीचा आहे आणि तो असा-असा आहे" हे तुमचं वाक्य. गिऱ्हाईक जास्तीचे पैसे या वाक्याचे देतं. वाक्य खोटं निघालं की दुकान संपलं.

पायरी 1 : एकच गाडी निवडा

"सगळ्या व्हिंटेज गाड्यांचे पार्ट मिळतील" असा बोर्ड नवशिक्याने लावू नये. एक गाडी घ्या आणि तिचं अख्खं खानदान पाठ करा.

या मुलाची गाडी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या जायच्या. मग फियाटशी करार झाला. पन्नासच्या दशकात फियाट 1100 आली, जिला मुंबईकर तिच्या तोंडावरून 'डुक्कर फियाट' म्हणतात. साठच्या दशकात नव्या चौकोनी बांध्याची 1100 डिलाइट आली. 1974 पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. मूळ गाडी म्हणजे इटलीची फियाट 1100 डी.

आता बघा, लोकांना या सगळ्या गाड्या एकच वाटतात. पण ग्रिल, दिवे, मोनोग्राम, डॅशबोर्ड, सीटचं कापड हे सालागणिक बदलत गेलं. 1968 च्या डिलाइटला 1985 च्या पद्मिनीचं ग्रिल बसेलही, पण जाणकार मालक ते घेणार नाही. हा फरक तुम्हाला तोंडपाठ हवा. त्यासाठी पार्ट घेण्याआधी गाडीचं पार्ट्स बुक मिळवा. त्यात प्रत्येक सुट्या भागाचं चित्र आणि नंबर असतो. गॅरेजवाल्यांकडे तेलकट हातांनी काळी झालेली प्रत असते. विकत नसतील देत, तर पानांचे फोटो काढून घ्या. या धंद्यातली पहिली गुंतवणूक ती.

पायरी 2 : मागणी कुठे आहे ते ओळखा

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पण धंदेवाल्याच्या नजरेने त्याचा अर्थ काय?

टॅक्सी होती तोपर्यंत क्लच प्लेट, ब्रेक शू, पिस्टन, बेअरिंग रोज खपायचं, म्हणून दुकानदार ते भरपूर ठेवायचे. टॅक्सी गेली, रोजचं गिऱ्हाईक गेलं, आणि माल माळ्यावर अडकला. उलट टॅक्सीवाल्याला क्रोमच्या पट्टीशी किंवा मोनोग्रामशी काही देणंघेणं नव्हतं. तुटलं तर तुटलं. त्यामुळे असा माल दुकानदाराने फारसा ठेवलाच नाही.

म्हणून मालाचे तीन ढीग करायला शिका.

एक, इंजिन-क्लच-ब्रेकचा माल. मिळतो बऱ्यापैकी, पण हळू विकतो आणि नफा कमी.

दोन, शोभेचा आणि ओळखीचा माल. मोनोग्राम, ग्रिल, हबकॅप, बंपरचे ओव्हररायडर, दाराचे हँडल, दिव्यांच्या काचा, स्पीडोमीटर, स्टीअरिंग. मिळतो कमी, मागणी जास्त. खरी कमाई इथे.

तीन, रबरी माल. ब्रेकचे वॉशर, होज पाइप, दाराचं बीडिंग. इथे सावध राहा. रबर न वापरताही म्हातारं होतं. तीस वर्षं डब्यात बसलेला ब्रेकचा किट दिसायला कोरा असतो, पण ब्रेक दाबल्यावर दगा देऊ शकतो. ब्रेकचं जुनं रबर 'ओरिजिनल आहे' म्हणून कधीच विकू नका. तिथे चांगल्या कंपनीचं नवंच लावायला सांगा. ओरिजिनलच्या हट्टापायी कुणाच्या जिवाशी खेळायचं नाही.

पायरी 3 : शोधायचं कुठे?

पहिली जागा म्हणजे बाजार. मुंबईत चोर बाजाराची मटन स्ट्रीट, कुर्ल्याचा भंगार बाजार, ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं. पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. मुंबई-पुण्याबाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट, कोलकात्याचं मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट. पण बाजारात सगळेच जातात, त्यामुळे तिथे भाव चढा असतो.

दुसरी जागा म्हणजे माळे. तालुक्याच्या गावातली तीस-चाळीस वर्षं जुनी स्पेअर पार्टची दुकानं, रिटायर्ड मेकॅनिक, जुने इलेक्ट्रिशियन. तिथे जाऊन "ओरिजिनल पार्ट आहे का?" असं विचारू नका. लगेच भाव वाढतो, किंवा "नाही" म्हणून वाटेला लावतात. पार्ट्स बुकातलं चित्र दाखवा आणि विचारा, "काका, हे कधी विकायचात का?" जुन्या माणसाला जुनी गोष्ट आठवायला आवडतं. चहा होतो, मग शिडी लागते. पहिल्या भेटीत काही मिळालं नाही तरी आपला नंबर आणि हव्या असलेल्या पाच पार्टची यादी ठेवून या.

तिसरी जागा म्हणजे पुरवठादाराची वाट. गाडीची कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. कार्ब्युरेटरवर सोलेक्सचं नाव दिसेल, स्टार्टर-डायनॅमोवर ल्युकास-टीव्हीएससारख्या पुरवठादाराचं. त्या भागावर पुरवठादाराचा स्वतःचा नंबर असतो. फियाटचा नंबर टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही, पण पुरवठादाराच्या नंबराने तोच भाग दुसऱ्या गाडीच्या नावाखाली सापडू शकतो.

चौथी जागा म्हणजे परदेशातले भाऊबंद. आपल्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच मूळच्या बाहेरच्या. पद्मिनीचं मूळ इटलीत. अँबॅसडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. स्टँडर्ड हेरल्ड म्हणजे ट्रायंफ हेरल्ड. तिकडे या गाड्यांचे शौकीन आणि त्यांच्यासाठी पार्ट विकणारी दुकानं आहेत. इटलीतला माल शोधताना इंग्रजीत शोधू नका. सुट्या भागांना इटालियनमध्ये 'रिकांबी' म्हणतात. तो शब्द गाडीच्या नावासोबत टाका, वेगळंच जग उघडतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. भारतात बनलेल्या गाडीत पुढे बदल झालेत, म्हणून माप जुळवल्याशिवाय ऑर्डर नाही. आणि कस्टम ड्यूटी पार्टच्या किमतीसोबत वाहतूक आणि विम्याचा खर्च धरून लागते. वापरलेला माल बाहेरून आणायला तर वेगळे निर्बंध आहेत. आधी कस्टम एजंटला विचारा, मग पैसे पाठवा.

पायरी 4 : 'ओरिजिनल' हा शब्द चार प्रकारे लिहा

आता त्या मुलाच्या हातून झालेली चूक सांगतो. ती सांगायची परवानगी त्यानेच दिली आहे.

कोल्हापूरकडच्या एका मालकाला डिलाइटच्या मागच्या दिव्यांच्या काचांची जोडी हवी होती. याला ती एका दुकानात कंपनीच्या जुन्या खोक्यात मिळाली. खोकं पिवळं पडलेलं, वर पार्ट नंबर छापलेला. याने खोक्यावर विश्वास ठेवला आणि 'कोरा ओरिजिनल' म्हणून 3,600 रुपयांना जोडी पाठवली. चौथ्या दिवशी फोन आला. "अहो, खोकं ओरिजिनल आहे, काच नाही. आतल्या बाजूला बनवणाऱ्याचा शिक्काच नाही, आणि लाल रंगही फिका आहे." कुणीतरी केव्हातरी कंपनीच्या खोक्यात लोकल माल भरून ठेवला होता.

त्याने त्याच दिवशी पूर्ण पैसे परत केले, येण्या-जाण्याचं कुरियरही स्वतः भरलं. मालक सभ्यपणे बोलले. पण पुन्हा कधी त्यांनी ऑर्डर दिली नाही. मी तुम्हाला गोड शेवट सांगू शकत नाही. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

त्या दिवसापासून त्याच्या बिलावर 'ओरिजिनल' हा शब्द एकटा येत नाही. चारपैकी एक लिहावंच लागतं.

1. कोरा जुना माल : कंपनीच्या काळात बनलेला, कधीच न लागलेला. व्यापारात याला न्यू ओल्ड स्टॉक म्हणतात.
2. वापरलेला ओरिजिनल : गाडीवरून उतरवलेला, आहे तसा.
3. दुरुस्त केलेला ओरिजिनल : मूळ भाग, पण क्रोम, पॉलिश किंवा आतलं काम नव्याने केलेलं. काय केलं तेही लिहायचं.
4. नवीन बनवलेला : मूळ भागासारखा, पण आत्ताच्या काळातला.

चौथ्या प्रकारात काही वाईट नाही. तो माल स्वस्त असतो, आणि रोज गाडी चालवणाऱ्याला तोच परवडतो. वाईट आहे ते चौथा माल पहिल्याच्या नावाने विकणं.

पाठवण्याआधी प्रत्येक पार्ट पाच गोष्टींवर तपासा. बनवणाऱ्याचा शिक्का किंवा ओतकामातला नंबर. पार्ट्स बुकातल्या नंबराशी मेळ. व्हर्निअरने घेतलेलं माप, विशेषतः भोकांमधलं अंतर आणि आटे. वजन, कारण लोकल माल बऱ्याचदा हलका असतो. आणि कडांचं फिनिशिंग. हे सगळं दिसेल असे फोटो, शेजारी पट्टी ठेवून, गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी पाठवा. ज्याची खात्री नाही त्यावर स्पष्ट लिहा : "याची खात्री देत नाही." असं लिहिल्याने एखादी ऑर्डर जाईल, पण पैसे परत करायची वेळ येणार नाही.

पायरी 5 : भाव कसा लावायचा?

इथे नवशिके दोन टोकांना जातात. काही जण 800 ला घेतलेलं 1,000 ला देतात आणि 200 सुटले म्हणतात. काही जण गरजू मालक बघून 8,000 सांगतात.

हिशेब मांडू. समजा पार्ट 800 रुपयांना मिळाला. त्या दिवशीचा प्रवास आणि जेवण 600, पण पार्ट चार मिळाले, म्हणजे प्रत्येकी 150. साफसफाई 100. पॅकिंग आणि कुरियर 200. झाले 1,250. चारपैकी एक पार्ट वर्षभर विकला जाणार नाही हे धरून चाला. त्याचा बोजा बाकी तिघांवर टाका. पडून राहिलेल्या पार्टचे कुरियर सोडून 1,050 रुपये, म्हणजे प्रत्येकी 350. आता खर्च झाला 1,600. यावर तुमची मजुरी आणि नफा. म्हणजे 1,000 ला विकणारा खिशातले 600 घालतोय!

दुसरी पद्धत आहे शोध फी. गिऱ्हाईक सांगतं, "मला अमुक पार्ट हवाय." तुम्ही ठरलेली छोटी रक्कम आधी घेता, ठरलेल्या मुदतीत शोधता, आणि कुठे-कुठे शोधलं ते लिहून देता. पार्ट मिळाला तर फी किमतीतून वजा. नाही मिळाला तर फी परत द्यायची की नाही, हे पैसे घेतानाच लेखी ठरवा. भांडवल नसलेल्याने इथूनच सुरुवात करावी, कारण माल अंगावर पडत नाही.

पायरी 6 : कागद सांभाळा

2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी गाडी त्यात बसते. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये. म्हणजे मूळ स्वरूप जपण्याला आता कागदावरही किंमत आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला हा नियम तुम्ही समजावून सांगितला पाहिजे.

दुसरं, चोरीचा माल. मेरठचं सोतीगंज हे जुन्या पार्टचं मोठं मार्केट. चोरीच्या गाड्या तिथे तोडल्या जातात म्हणून पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर 2021 मध्ये ते बंद झालं. त्यातून शिका. इंजिन, चासी, किंवा नंबर कोरलेला कुठलाही भाग कागदपत्रांशिवाय हातात घेऊ नका. बाकी मालासाठीही कुणाकडून, कधी, कितीला घेतला याची नोंद आणि विकणाऱ्याची सही ठेवा.

तिसरं, जीएसटी. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण परराज्यात माल विकला की ही सूट चालत नाही. बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला एक हबकॅप पाठवायचं असलं तरी नोंदणी हवी. वापरलेल्या मालावर, खरेदीचं क्रेडिट घेतलं नसेल, तर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय आहे. कोरा जुना माल मात्र वापरलेला नसतो, त्याला ही सोय लागू नाही. एकदा सीएसमोर बसून हे समजून घ्या.

आता पोटमाळ्यावर परत

मी त्या मुलाला घ्या किंवा नका घेऊ, काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "बांगड्यांना हात लावू नकोस. शेठकडे तीन दिवस माग. माळ्यावर चढ आणि यादी कर."

तीन दिवसांत त्याने 412 नग मोजले. ढीग केले. निम्म्याहून जास्त माल इंजिन-क्लचचा, हळू विकणारा. रबरी माल बराच, तो विकण्यालायक नाही. शोभेचे आणि ओळखीचे नग फक्त 47. पण त्यांत डिलाइटचे मोनोग्राम होते, कोरे हबकॅप होते.

मग तो शेठसमोर यादी घेऊन बसला. म्हणाला, "शेठ, हे 47 नग मी आज रोखीने घेतो, 70,000 देतो. इंजिनचा माल मला सहा महिने जांगड द्या. विकला की तुमचे पैसे, नाही विकला तर जसाच्या तसा परत."

शेठ आधी चिडले. "सगळं उचल नाहीतर राहू दे," म्हणाले. हा नमस्कार करून, यादीची एक प्रत ठेवून निघून आला. मला म्हणाला, "सर, हातातून गेलं." दोन दिवसांनी शेठचाच फोन आला. भंगारवाल्याने सगळ्याचा किलोवर भाव सांगितला होता. सौदा 78,000 वर ठरला आणि जांगड चार महिन्यांचं.

चार महिन्यांत 47 पैकी 19 नग गेले आणि घातलेले पैसे जवळपास निघाले. जांगड मालातला थोडाच विकला गेला, बाकी त्याने मोजून परत केला. तीन लाख घातले असते तर आज तोच माल त्याच्या घरात असता आणि बांगड्या पतपेढीत. शेठना वेळेवर हिशेब मिळाला, म्हणून आता दुसऱ्या दुकानांचे माळे तेच त्याला सुचवतात.

या आठवड्याचा गृहपाठ

1. तुमच्या घरात, गावात किंवा ओळखीत असलेली एक जुनी गाडी किंवा दुचाकी निवडा. बजाज, येझदी, जीप, काहीही चालेल.
2. तिचे दहा असे पार्ट लिहा जे मालकांना हवेत पण मिळत नाहीत. हे मनाने लिहू नका. तीन मालक आणि दोन मेकॅनिकना विचारून लिहा.
3. जवळच्या एका जुन्या दुकानात जा. काही विकत घेऊ नका. एक चित्र दाखवा, एक चहा प्या, यादी ठेवून या.
4. एक वही घाला. पार्टचं नाव, नंबर, कुठे दिसला, कितीला, चारपैकी कुठला प्रकार.

ही वही पन्नास पानं भरली की मग भांडवलाचा विचार करा. पुढच्या व्हिडिओत जांगड व्यवहाराचा कागद कसा लिहायचा ते बघू, नमुन्यासह.

भेटू मग. वही भरायला लागा!